विश्लेषण : ‘टाइम मशीन’ लिहिणारे एच. जी. वेल्स कोण होते? त्यांच्या कादंबरीवरील चित्रपट प्रेक्षकांना अपुरे का वाटतात?

‘द टाइम मशीन’ या कादंबरीवर हॉलीवूडने दोन मोठे चित्रपट काढले. पहिला १९६० मध्ये आणि दुसरा २००२ मध्ये. दोन्हींपैकी चांगला कोणता, यावर प्रेक्षकांचे एकमत नाही. मात्र कादंबरी वाचून चित्रपट पाहणाऱ्यांची तक्रार साधारण सारखीच असते. पडद्यावर यंत्र आहे, प्रवास आहे, भुयारातले राक्षसही आहेत. पण मूळ गोष्ट कुठेतरी निसटली आहे. निसटलेली ही गोष्ट कोणती, हे समजून घ्यायचे तर लेखक एच. जी. वेल्स यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. त्याची सुरुवात होते इंग्लंडमधल्या एका दुकानाच्या तळघरापासून.

चित्रपटांवरून वाद काय आहे?

१९६० चा चित्रपट जॉर्ज पाल यांनी दिग्दर्शित केला. रॉड टेलर हे त्याचे नायक. पितळी दांडे, मखमली खुर्ची आणि मागे फिरणारी भलीमोठी चकती असे त्यातले यंत्र आजही अनेकांना सर्वोत्तम वाटते. काळ वेगाने पुढे सरकतो आहे हे दाखवण्यासाठी झरझर वितळणारी मेणबत्ती, उमलणारी फुले आणि समोरच्या दुकानातल्या पुतळ्याचे बदलत जाणारे कपडे अशा साध्या युक्त्या वापरल्या होत्या. या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. न आवडणाऱ्यांचा आक्षेप असा की, विचार करणारा कादंबरीतला प्रवासी इथे मारामारी करणारा नायक होतो.

२००२ च्या चित्रपटात गाय पीअर्स नायक आहेत. दिग्दर्शक सायमन वेल्स हे एच. जी. वेल्स यांचे पणतू. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. तुटलेला चंद्र, बोलणारे ग्रंथालय आणि डोळ्यांसमोर बदलत जाणारी पृथ्वी ही दृश्ये प्रेक्षकांना आवडली. पण पहिल्या भागात उभा केलेला प्रश्न दुसऱ्या भागातल्या पाठलागात विरून जातो, असे अनेकांचे मत पडले. समीक्षकांनीही त्याचे फारसे स्वागत केले नाही.

या दोन्ही चित्रपटांनी एक बदल सारखाच केला आहे. तो काय, हे लेखकाचे बालपण पाहिल्यावर कळते.

वेल्स यांचे बालपण कसे होते?

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातल्या ब्रॉम्ली या गावी झाला. घरात त्यांना बर्टी म्हणत. वडील जोसेफ आधी माळी होते. पुढे त्यांनी चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान चालवले. दुकान कधी नीट चालले नाही. घराला आधार होता तो क्रिकेटमधून मिळणाऱ्या पैशांचा.

जोसेफ वेल्स हे केंटचे व्यावसायिक गोलंदाज होते. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिले गोलंदाज. ‘टाइम मशीन’च्या लेखकाच्या वडिलांचे नाव क्रिकेटच्या विक्रमांच्या यादीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आई सारा या लग्नाआधी ससेक्समधल्या अपपार्क या बड्या जमीनदारांच्या वाड्यात मालकिणीच्या खास मोलकरीण होत्या. ब्रॉम्लीच्या घरात मात्र सगळा भार त्यांच्यावर होता. स्वयंपाकघर दुकानाच्या खाली, तळघरात होते. तिथे उजेड यायचा तो रस्त्याच्या कडेच्या जाळीतून. त्या जाळीखाली बसलेल्या मुलाला वरून जाणारी माणसे दिसत नसत, दिसायचे फक्त त्यांचे बूट. फाटके, शिवलेले, चकचकीत. कोणाची परिस्थिती काय आहे, हे बुटांवरून ओळखायची सवय त्याला तिथे लागली.

१८७४ मध्ये बर्टीचा पाय मोडला. अंथरुणात पडून राहावे लागले आणि वडील वाचायला पुस्तके आणून देऊ लागले. वाचनाची गोडी लागली ती इथे. तीन वर्षांनी वडिलांचाच पाय मोडला. क्रिकेट कायमचे सुटले आणि घराचा उरलासुरला आधारही गेला.

अपपार्कच्या भुयारांचा कादंबरीशी काय संबंध?

१८८० मध्ये आई पुन्हा अपपार्कला गेल्या, या वेळी वाड्याच्या सगळ्या नोकरांवर देखरेख करणारी बाई म्हणून. नवरा ब्रॉम्लीला, बायको वाड्यावर आणि मुले उमेदवारीसाठी वेगवेगळ्या दुकानांत, असा तो संसार विखुरला. बर्टी मधूनमधून आईकडे राहायला जाई.

या वाड्याची एक खासियत आजही पाहायला मिळते. मुख्य इमारतीपासून स्वयंपाकघर आणि तबेल्यांकडे जाणारे रस्ते जमिनीखालून आहेत. नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेस पडू नये, हा त्यामागचा हेतू. भुयारांत हवा आणि उजेड येण्यासाठी वर झरोके ठेवलेले. वर हिरवळ, बाग आणि मेजवान्या. खाली अंधारात ताटे घेऊन धावणारी माणसे. आपली आई यांपैकी कोणत्या बाजूची आहे, हे त्या मुलाला सांगावे लागत नव्हते.

त्याच वाड्यात जुने ग्रंथालयही होते. प्लेटो, स्विफ्ट आणि व्हॉल्तेअर त्याने तिथे वाचले. समाजाची रचना माणसांनीच केली आहे आणि ती बदलताही येते, ही कल्पना त्याच्या मनात रुजली ती या वाचनामुळे.

कापडाच्या दुकानातून सुटका कशी झाली?

आईला मुलासाठी एकच भवितव्य दिसत होते, कापडाचे दुकान. तिच्या दृष्टीने ती अब्रूची नोकरी होती. विंडसरच्या दुकानात बर्टी टिकला नाही. मग १८८१ मध्ये साउथसी इथल्या मोठ्या दुकानात त्याला उमेदवारीला ठेवले. रोज सुमारे १३ तास काम. ठाण उलगडा, घडी घाला, गिऱ्हाइकाला खुर्ची द्या, वरिष्ठांची बोलणी खा आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच खोलीत झोपा.

दोन वर्षांनी त्याने बंड केले. एका रविवारी पहाटे निघून सुमारे १७ मैल चालत तो अपपार्कला पोहोचला आणि आता परत जाणार नाही, असे आईला सांगितले. करारापोटी पैसे भरलेले होते. ते बुडणार होते. तरीही शेवटी आईने ऐकले. १८८३ मध्ये मिडहर्स्टच्या शाळेत त्याला जागा मिळाली. स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ती व्यवस्था होती.

त्या काळी विज्ञानाच्या सरकारी परीक्षांत चांगले गुण मिळवणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळे. बर्टीने परीक्षांचा धडाका लावला आणि १८८४ मध्ये लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये प्रवेश मिळवला. ही संस्था पुढे इम्पीरियल कॉलेजचा भाग झाली. आठवड्याला एक गिनी एवढ्या शिष्यवृत्तीत भागवणे कठीण होते. अनेकदा दुपारचे जेवण टळत असे.

पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्स्ले, डार्विनच्या सिद्धान्तासाठी जाहीरपणे भांडणारे शास्त्रज्ञ. या एका वर्षाने वेल्स यांना आयुष्यभराची दृष्टी दिली. उत्क्रांती म्हणजे प्रगतीच असे नाही; परिस्थिती बदलली तर प्राणी दुबळाही होऊ शकतो आणि माणूस त्याला अपवाद नाही. ‘टाइम मशीन’ची बीजे या वर्गात आहेत.

पुढच्या वर्षांत मात्र अभ्यासावरचे लक्ष उडाले. वादविवाद, समाजवाद आणि कॉलेजचे मासिक यांतच वेळ गेला. १८८७ मध्ये भूशास्त्रात नापास होऊन, पदवी न घेताच ते बाहेर पडले. प्राणिशास्त्रातली पदवी त्यांनी १८९० मध्ये लंडन विद्यापीठाची बाहेरून परीक्षा देऊन मिळवली.

‘टाइम मशीन’ कशी लिहिली गेली?

या कादंबरीचा पहिला खर्डा म्हणजे ‘द क्रॉनिक अर्गोनॉट्स’ ही कथा. ती १८८८ मध्ये कॉलेजच्या मासिकात आली होती. पुढे वेल्स यांना ती इतकी कच्ची वाटली की, त्यांनी ती बाजूला टाकली आणि विषय पुन्हा पुन्हा नव्याने लिहिला.

मधल्या काळात प्रकृतीने साथ सोडली होती. वेल्समधल्या एका शाळेत शिकवत असताना फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला जबर मार बसला. नंतर फुप्फुसातून रक्त पडू लागले. १८९३ मध्ये हा त्रास पुन्हा उफाळला आणि शिकवण्याची नोकरी सोडावी लागली. घरी बसून करता येईल असे काम एकच होते, वर्तमानपत्रांसाठी लिहिणे. त्यातच १८९१ मध्ये चुलत बहीण इझाबेलशी केलेले लग्न मोडले. वेल्स आपली विद्यार्थिनी एमी कॅथरिन रॉबिन्स हिच्याबरोबर राहू लागले. १८९५ मध्ये त्यांनी लग्न केले. वेल्स तिला जेन म्हणत.

१८९४ च्या उन्हाळ्यात सेव्हनओक्स इथल्या भाड्याच्या खोलीत ही कादंबरी आकाराला आली. रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो म्हणून घरमालकीण कुरकुर करत असे. खिडकीबाहेर तिची बडबड आणि आत आठ लाख वर्षांनंतरचे जग, अशी ती परिस्थिती. संपादक विल्यम हेन्ली यांनी ‘न्यू रिव्ह्यू’ मासिकात जानेवारी १८९५ पासून ती क्रमशः छापली आणि १०० पौंड मानधन दिले. मे महिन्यात पुस्तक आले. वेल्स तेव्हा २८ वर्षांचे होते. हाती फारसा पैसा नाही, तब्येतीचा भरवसा नाही आणि नाव एका रात्रीत झालेले.

कादंबरीत नेमके काय आहे?

एक शास्त्रज्ञ, ज्याचे नाव शेवटपर्यंत सांगितलेले नाही, यंत्रावर बसून इसवी सन ८०२७०१ मध्ये पोहोचतो. तिथे त्याला एलॉय भेटतात. लहानखुरी, सुंदर आणि गोड माणसे. पण कशातच मन न लागणारी. ती काम करत नाहीत, वाचत नाहीत, फळे खातात आणि अंधाराला घाबरतात. प्रवाशाला आधी वाटते, हाच मानवजातीचा सुवर्णकाळ.

मग त्याला जमिनीत खोल गेलेल्या विहिरी दिसतात. त्यांतून यंत्रांची धडधड ऐकू येते. खाली मॉरलॉक राहतात. पांढुरके, उजेड सहन न होणारे, यंत्रे चालवणारे. एलॉयना कपडे तेच पुरवतात आणि अमावास्येच्या रात्री वर येऊन त्यांनाच पकडून खातात.

हे असे का झाले, याचे प्रवाशाने लावलेले उत्तर म्हणजे कादंबरीचा गाभा. एलॉय हे श्रीमंतांचे वंशज आहेत आणि मॉरलॉक कामगारांचे. एकोणिसाव्या शतकातच कामगार तळघरांत, भुयारी रेल्वेत आणि कारखान्यांच्या अंधारात ढकलले जात होते. ही दरी हजारो पिढ्या वाढत गेली आणि एका मानवजातीच्या दोन जाती झाल्या. श्रीमंतांना संकटच उरले नाही, म्हणून त्यांची बुद्धी गेली. कामगारांच्या हाती यंत्रे राहिली, पण माणुसकी गेली.

ब्रॉम्लीचे तळघर आणि अपपार्कची भुयारे आठवली की, ही कल्पना कुठून आली हे वेगळे सांगावे लागत नाही. विशेष म्हणजे वेल्स इथे गरिबांची बाजू घेऊन भाबडे होत नाहीत. मॉरलॉक भयानकच आहेत. पण त्यांना तसे कोणी केले, हा प्रश्न ते वाचकाच्या हाती ठेवतात.

काळ ही चौथी मिती, ही कल्पना कोणाची?

वेल्सच्या आधीही कथांमधली माणसे काळात पुढेमागे जात होती. पण ती झोपेतून, स्वप्नातून किंवा डोक्यावर फटका बसून. स्पॅनिश लेखक एन्रिके गास्पार यांनी १८८७ मध्ये कथेत यंत्र आणले होते, पण त्याचा प्रसार झाला नाही. स्वतःच्या मर्जीने दांडा ओढून हव्या त्या काळात जाणारा माणूस आणि ‘टाइम मशीन’ हा शब्द जगभर रुजवला तो वेल्स यांनी.

लांबी, रुंदी आणि उंची असलेला ठोकळा जर क्षणभरही टिकला नाही, तर तो आहे असे म्हणता येईल का? नाही. म्हणजे वस्तूला चौथे माप लागते, ते म्हणजे काळ. कादंबरीची सुरुवात या युक्तिवादाने होते. ही कल्पना पूर्णपणे वेल्स यांची नव्हती. चौथ्या मितीची चर्चा तेव्हा गणितज्ञांत सुरू होती. पण आइनस्टाइन यांचा विशेष सापेक्षता सिद्धान्त त्यानंतर १० वर्षांनी, १९०५ मध्ये आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग काळप्रवास शक्य आहे का? पुढच्या दिशेने, तत्त्वतः हो. वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ हळू चालतो आणि गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे तो जलद चालतो. तुमच्या मोबाइलमधले जीपीएस याच हिशेबावर चालते. त्याच्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरचा ठिपका भलतीकडेच दिसेल. भूतकाळात जाण्याचा मार्ग मात्र कोणालाही सापडलेला नाही.

चित्रपटांनी काय बदलले?

सिनेमा आणि ‘टाइम मशीन’ यांचे नाते जुने आहे. कादंबरी आली त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९५ मध्ये, रॉबर्ट पॉल या इंग्रज तंत्रज्ञाने एका खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रेक्षकांना हलत्या फलाटावर बसवून आणि समोर चित्रे दाखवून काळप्रवासाचा अनुभव द्यायचा, अशी ती योजना. ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला, त्याच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. पॉल यांचा खेळ प्रत्यक्षात आला नाही, पण पुढे ते ब्रिटिश सिनेमाचे आद्य प्रवर्तक ठरले.

जॉर्ज पाल यांनी १९६० मध्ये चित्रपट काढला तेव्हा शीतयुद्ध जोरात होते. त्यांचा नायक १९१७ आणि १९४० मध्ये थांबून दोन महायुद्धे पाहतो आणि १९६६ मध्ये अणुयुद्ध. मानवजात दुभंगते ती या युद्धांमुळे; काही लोक जमिनीखाली राहतात, काही वर येतात. भोंगा वाजला की एलॉय भारल्यासारखे चालू लागतात. हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरत नाहीत. पण मालक आणि नोकर हा धागा इथे तुटतो. कादंबरीत वीना ही एलॉय मुलगी जंगलातल्या आगीच्या रात्री हरवते. चित्रपटात ती वाचते आणि नायक तिच्याकडे परत जातो.

२००२ च्या चित्रपटात गोष्ट लंडनहून न्यूयॉर्कला गेली. नायकाची वाग्दत्त वधू मारली जाते आणि तिला वाचवण्यासाठी तो यंत्र बनवतो. ती पुन्हा वेगळ्या कारणाने मरते. भूतकाळ का बदलता येत नाही, हा प्रश्न घेऊन तो पुढे निघतो. मानवजात इथे दुभंगते ती चंद्र फुटल्यामुळे.

आता दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. एकात बॉम्ब, दुसऱ्यात चंद्र. दोन्हींत मानवजातीचे दोन तुकडे होतात ते एखाद्या मोठ्या आपत्तीमुळे. कादंबरीत अशी कोणतीही आपत्ती नाही. रोजचे व्यवहार जसे चालले आहेत तसेच चालू राहिले तर काय होईल, एवढेच वेल्स सांगतात. आपत्तीचा दोष कोणावर येत नाही, रोजच्या व्यवहाराचा मात्र येतो. वाचकांना चित्रपट अपुरे वाटतात ते इथे.

पाल यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दुकानातल्या पुतळ्याचे बदलते कपडे हे त्यांच्या चित्रपटातले सर्वांत लाडके दृश्य. एकेकाळी कापडाच्या दुकानात राबलेल्या लेखकाच्या गोष्टीला ते नकळत शोभून दिसते. आणि अणुयुद्धाची भीती हीसुद्धा वेल्स यांनीच आधी लिहून ठेवलेली होती.

अणुबॉम्बची कल्पना वेल्स यांची होती का?

‘टाइम मशीन’नंतर वेल्स यांनी तीन वर्षांत ‘डॉक्टर मोरो’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबऱ्या लिहिल्या. १९१४ मध्ये आलेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी विमानातून टाकल्या जाणाऱ्या अणुबॉम्बचे वर्णन केले आणि शब्दही तोच वापरला. हंगेरियन शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ही कादंबरी १९३२ मध्ये वाचली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांना अणुविखंडनाआधीच साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. ती कोणाच्या हाती पडली तर काय होईल, याची जाणीव त्यांना कादंबरीने आधीच दिलेली होती. म्हणून त्यांनी आपले पेटंट गुप्त राहील अशी व्यवस्था केली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा वेल्स ७८ वर्षांचे होते आणि लंडनमध्येच होते.

भारताशी त्यांचा संबंध आला तो वेगळ्या वाटेने. १९२० च्या त्यांच्या जगाच्या इतिहासाचा उपयोग जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला पत्रे लिहिताना केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर वेल्स यांनी माणसाच्या मूलभूत हक्कांचा मसुदा तयार करण्यात पुढाकार घेतला आणि जगभरच्या नेत्यांकडून मते मागवली. हक्कांऐवजी कर्तव्यांपासून सुरुवात करावी, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी १९४० मध्ये पाठवले. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याआधीच्या प्रयत्नांत वेल्स यांच्या या मसुद्याचा उल्लेख होतो.

त्यांच्यावर टीका का होते?

वेल्स यांची दुसरी बाजूही आहे. १९०१ च्या ‘अँटिसिपेशन्स’ या पुस्तकात त्यांनी दुर्बल आणि अकार्यक्षम ठरवलेल्या माणसांबद्दल, तसेच गोऱ्या नसलेल्या वंशांबद्दल अत्यंत कठोर मते मांडली होती. भविष्यात अशांना जागा नसेल, असा त्यांचा सूर होता. काही वर्षांतच त्यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर टीका केली आणि पुढे मानवी हक्कांची बाजू घेतली. पण लिहिलेले पुसले जात नाही. तळघरातून वर आलेल्या माणसाने तळघरातल्या माणसांबद्दल असे लिहावे, हे आजही खटकते.

घरातही तसेच. जेन यांनी त्यांचे हस्तलिखित टंकले, हिशेब पाहिले, दोन मुले वाढवली आणि पाहुण्यांचे घर सांभाळले. वेल्स यांची इतर प्रेमप्रकरणे त्यांना ठाऊक होती. अँबर रीव्ह्ज यांच्यापासून त्यांना मुलगी झाली आणि लेखिका रेबेका वेस्ट यांच्यापासून मुलगा. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर ते लिहीत, पण त्या स्वातंत्र्याची किंमत बहुतेक वेळा स्त्रियांनीच मोजली. जेन १९२७ मध्ये कर्करोगाने गेल्या. त्यांच्या कथा वेल्स यांनी त्यानंतर पुस्तकरूपाने काढल्या.

अखेरची वर्षे कशी होती?

वेल्स यांना उतारवयात मधुमेह झाला. १९३४ मध्ये डॉ. आर. डी. लॉरेन्स यांच्यासह त्यांनी मधुमेहींसाठी संघटना सुरू केली. तीच आज ‘डायबिटीस यूके’ म्हणून ओळखली जाते. नाझींनी त्यांची पुस्तके जाळली आणि ब्रिटन जिंकल्यावर अटक करायच्या लोकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. लंडनवर बॉम्ब पडत असताना ते रिजंट्स पार्कजवळचे आपले घर सोडून गेले नाहीत. साहित्याच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण पुरस्कार मिळाला नाही.

१९४५ चे त्यांचे शेवटचे पुस्तक मानवजातीबद्दल निराशेने भरलेले आहे. १३ ऑगस्ट १९४६ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अस्थी समुद्रात विसर्जित करण्यात आल्या.

आधी चित्रपट पाहावा की कादंबरी वाचावी?

कादंबरी छोटी आहे. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्व हक्क संपतो, त्यामुळे मूळ इंग्रजी पुस्तक २००७ पासून कोणालाही मोफत आणि कायदेशीररीत्या वाचता येते. कादंबरी आधी वाचली तर १९६० चा चित्रपट त्याच्या काळाचा दस्तऐवज म्हणून आवडतो आणि २००२ चा चित्रपट कुठे वाट चुकतो, तेही लक्षात येते.

आज दहा मिनिटांत दारात सामान येते. ते गोदामात कोणी बांधले, किती तास उभे राहून बांधले, हे आपल्याला दिसत नाही. वाड्यातल्या मालकांनाही भुयारातली माणसे दिसत नव्हती. वेल्स यांची आई त्या भुयारांतून ये-जा करत होती, म्हणून त्यांना ती दिसली. दोन चित्रपटांनी वगळलेली गोष्ट हीच आहे. तिसरा चित्रपट कोणी काढलाच, तर प्रेक्षकांनी त्यात आधी हे शोधावे.